चार फूट पाणी

१

दर रविवारी सकाळी मी माशांच्या टाकीतलं पाव भाग पाणी बदलतो. आदल्या दिवशी दोन बादल्या भरून न्हाणीघरात उघड्या ठेवायच्या, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं. सकाळी नळीने जुनं पाणी काढायचं, नवं हळूहळू ओतायचं आणि काचेवर बाहेरून पेनाने मारलेल्या रेषेपाशी पाणी पोचलं की थांबायचं. अकरा वर्षांत हा नेम तीनदा चुकला. तिन्ही वेळची कारणं वहीत आहेत.

एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत टाकीतलं पाणी वाफ होऊन बोटभर उतरतं. उन्हाळ्यात सव्वा बोट. यात कधी फरक पडला नाही. धंद्याने मी वजनकाटे दुरुस्त करतो, त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा विश्वास बसतो. बिघडलेला काटासुद्धा रोज सारखंच खोटं बोलतो. म्हणून तर त्याला पकडता येतं.

त्या रविवारी पाणी जिथल्या तिथे होतं. रेषेला अगदी टेकून.

माझी थोरली बहीण माझ्याकडेच राहते. मी तिला विचारलं, "ताई, तू टाकीत पाणी घातलंस का?"

"मी? मला चहाच्या कपाची कड दिसत नाही, तुझ्या टाकीत पाणी कुठून घालू?"

"मग उतरलं कसं नाही?"

"नाही उतरलं तर बरंच झालं की. एक बादली वाचली. तुला ना चिकट्या, सुख बोचतं."

चिकट्या हे माझं तिने ठेवलेलं नाव. गुळाला चिकटलेला मुंगळा मान तुटली तरी सुटत नाही, तसा मी, असं तिचं मत. मी वहीत लिहिलं, 'पाणी उतरलेलं नाही. कारण?' आणि पुढे अर्धी ओळ मोकळी सोडली.

२

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिची सगळी नोकरी एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. छापून आलेल्या कागदावरचा पडलेला काना तिला खोलीच्या दारातून दिसायचा. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आला आणि वाढत गेला. कडेकडेचं दिसतं, नेमकं जिथे बघावं तिथलं पुसलं जातं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आहे ते टिकवू, गेलेलं परत येणार नाही.

"तुझ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही," ती म्हणाली होती. "त्यातल्या त्यात बरं झालं."

बाकी कशाबद्दल ती रडली नाही. वाचता येत नाही, याबद्दल एकदाच रडली, तेही तोंडावर पुस्तक उघडं ठेवून. मी पुस्तकं वाचून दाखवू लागलो, पण माझं वाचणं तिला सहन होत नसे. स्वल्पविरामावर मी थांबत नाही, म्हणे.

तिची खुर्ची टाकीपाशी आहे. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद. ती भिंतीला लांबीने लावलेली नाही. एक आखूड बाजू भिंतीला टेकलेली आणि बाकीची खोलीत आलेली, ओट्यासारखी. दुसऱ्या आखूड काचेसमोर ताई बसते. टाकीत बारा चंदेरी मासे आहेत. त्यांतला सगळ्यात मोठा पुढे असतो, बाकीचे मागे. त्याला आम्ही मुकादम म्हणतो. बारा मासे एकदम वळले की तिला कडेच्या नजरेने चमक दिसे, आणि ती "वळले" म्हणे. दिवसभरात तिला दिसणारी गोष्ट म्हणजे तेवढीच.

पण पाण्याला पिवळट झाक होती. ती गेली तर चमक जास्त दिसेल, असं मला वाटलं. एवढ्यासाठी मी हे सगळं केलं.

३

आधी माझ्याकडे एकच फिल्टर होता, स्पंजचा. हवेचा पंप बुडबुडे सोडतो, पाणी स्पंजातून ओढलं जातं, आणि स्पंजात वस्तीला असलेले जिवाणू माशांची घाण खाऊन टाकतात. त्याचा आवाज गुळण्या केल्यासारखा. त्याला जोडून मी काठावर अडकवायची एक पेटी लावली. तिच्यात कोळशाचे दाणे असतात. ते रंग आणि वास शोषतात. तिचा आवाज बारीक धारेचा. मग स्टँडखालच्या कपाटात बंद डब्याचा मोठा फिल्टर बसवला. त्यात खाली कापसासारखी गादी, वर सिरॅमिकच्या पोकळ नळ्या. तो नुसता घुमतो. शेवटी मनीप्लांटच्या चार फांद्या मुळं पाण्यात राहतील अशा काठावर टांगल्या, कारण फिल्टरांनी मागे ठेवलेलं खत मुळं पिऊन टाकतात.

हे सगळं ज्याच्या दुकानातून आणलं, त्या मासेवाल्याला सगळे शेवाळशेठ म्हणतात. त्याच्या दुकानातल्या एकाही टाकीच्या आतलं नीट दिसत नाही.

"चारही एकदम?" तो म्हणाला. "साहेब, एकाच पेशंटला चार डॉक्टर?"

"प्रत्येकाचं काम वेगळं आहे."

"काम वेगळं आहे हो. पण थोडी घाण राहू द्यावी पाण्यात. माशालाही कळायला पाहिजे ना, की आपण पाण्यात आहोत."

मी हसलो. तोही हसला.

पहिले आठ दिवस तीन आवाज वेगवेगळे ऐकू येत. गुळण्या, धार, घुमणं. नवव्या दिवशी दुपारी चहा घेताना माझ्या लक्षात आलं, की खोलीत आवाज नाही. मी उठून बघितलं. बुडबुडे येत होते. धार पडत होती. डब्यावर हात ठेवला तर तळहाताला थरथर लागली. तिन्ही चालू होते आणि त्यांचा मिळून आवाज होत नव्हता. कपबशीवर चमचा आपटून बघितला, तो ठणठणीत ऐकू आला. म्हणजे माझे कान शाबूत होते.

भिंतीकडच्या काचेमागे मी एक कार्ड चिकटवलेलं होतं. ताईच्याच छापखान्यातलं, खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांची, झीज तपासायचं. वर मोठी अक्षरं, खाली लहान होत गेलेली, अशा नऊ ओळी. लांबीतून, चार फूट पाण्यातून, त्याच्या किती ओळी वाचता येतात यावरून मी पाण्याचा नितळपणा मोजत असे. पूर्वी पाचवी ओळ वाचता यायची. त्या दुपारी मी ताईच्या खुर्चीमागे वाकून बघितलं आणि नवव्या ओळीवर आलो, चष्म्याशिवाय.

मी काही बोलायच्या आत ताई नववी ओळ वाचू लागली. सावकाश, एकेक अक्षर, छापखान्यात वाचायची तशी. शेवटच्या अक्षराशी थांबून ती म्हणाली, "याची वेलांटी झिजलीय. मी तेव्हाच सांगितलं होतं त्यांना."

मग तिने माझा हात धरला. तिची बोटं गार पडली होती.

४

दुसऱ्या दिवसापासून मी कार्डाच्या जागी पुस्तकाची पानं लावू लागलो. सकाळी दोन, दुपारी दोन. ती खुर्ची पुढे ओढून बसे आणि पाण्यातून वाचे. पान संपलं की टिचकी वाजवी, मी उठून पान बदले. मासे मधून गेले की "अरे सरका ना, मेल्यांनो" म्हणे. बाहेर पान हातात दिलं तर तिला तोच डाग दिसे. पाण्यातून डाग नसे.

काटे दुरुस्त करणाऱ्याची खोड म्हणा, पण मी याचं कारण शोधायचा प्रयत्न केला. भिंगाचा परिणाम म्हणावा तर काच सपाट होती. उजेडाचा म्हणावा तर टाकीचा दिवा मी बंद ठेवून पाहिला. ती अंदाजाने वाचते म्हणावं, तर मी मुद्दाम तिने कधीही न वाचलेल्या औषधाच्या चिठ्ठीचा कागद लावला. तिने तो पूर्णविरामासकट वाचला आणि वर "हे खाल्लं तर माणूस आजारीच पडेल" म्हणाली.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. पाण्यातून बघितलेली वस्तू असते त्याहून जवळ वाटते. चार फुटांवरचं पान तीन फुटांवर आहे असं दिसायला पाहिजे. हा नियम कुणासाठी बदलत नाही. आमचं पान लांब दिसत होतं. पहिल्या दिवशी खोलीच्या दुसऱ्या टोकाला असावं एवढं. आठवड्याने, रस्त्यापलीकडच्या घराच्या दारावर असावं एवढं. अक्षरं तितकीच बारीक होत गेली, पण अंधूक झाली नाहीत. एखादं पान शंभर पावलांवर धरलेलं असावं आणि त्यावरचा स्वल्पविराम दिसावा, तसं.

मी मुकादमाची वेळ मोजली. एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत जायला त्याला पूर्वी चार सेकंद लागत. आता तो निघाला, लहान झाला, तांदळाएवढा झाला, मग सुईच्या टोकाएवढा, आणि वळला. जायला दोन मिनिटं अकरा सेकंद. त्याची शेपटी आधीच्याच वेगाने हलत होती.

मग मी स्टुलावर चढलो. वरून बघितलं तर टाकी टाकी होती. चार फूट. मी लाकडी पट्टी पाण्यावर आडवी धरली. एक टोक या काचेला, दुसरं त्या काचेला. मुकादम तिच्याखालून चार सेकंदांत इकडचा तिकडे गेला. खाली उतरून लांबीतून बघितलं, तर पट्टी पाण्याच्या छताशी लांबच लांब गेलेली होती, रुळासारखी, आणि तिचं टोक कुठे टेकलंय ते मला दिसेना.

मी घाबरलो का? वहीत त्या दिवशी मी 'सुंदर' असा एकच शब्द लिहिलाय. मोजमापाच्या वहीत तो शब्द तोवर कधी आला नव्हता.

५

बुधवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ताई वाचता वाचता थांबली.

"पान बदलू?"

"नको. थांब. पानाच्या मागे काहीतरी आहे."

"पानाच्या मागे भिंत आहे, ताई."

"भिंत कधीची गेली. तुला दिसत नाही? ये इकडे."

मी तिच्या खांद्यावरून वाकलो. पान टपालाच्या तिकिटाएवढं होतं आणि त्याच्या चारी बाजूंनी निळसर उजेड होता. खोलीतला नव्हे, आमच्या खिडकीवर तेव्हा ऊन नव्हतं. त्या उजेडात डावीकडून काहीतरी आत आलं. आधी मला ती सावली वाटली. मग तिच्यावर ओळीने उभ्या रेघा दिसू लागल्या, आणि प्रत्येक रेघेच्या कडेला उजेड लागत होता. ती एक बाजू होती, कसल्याशा अंगाची. डोंगराची सोंड चालू लागावी तशी ती सरकत होती, घाई नाही, आवाज नाही. आणि ती पानाच्या खूप मागे होती. किती मागे ते सांगायला माझ्याकडे माप नाही.

बारा मासे एका ओळीत उभे राहिले होते, तोंडं तिकडे करून. एकाचाही पर हलत नव्हता.

मी घड्याळाकडे बघत राहिलो, कारण दुसरं काय करावं सुचेना. अडीच वाजले. पावणेतीन वाजले. ते अजून जातच होतं. काचेवरच्या रेषेच्या वर पाणी अर्धं बोट चढलं होतं.

"केवढं आहे रे," ताई म्हणाली. देवळात बोलावं तसं, हळू.

तीन वाजायला पाच मिनिटं असताना ते संपलं नाही. थांबलं.

६

त्यानंतर तिने पानं मागणं बंद केलं. "कोरं राहू दे," म्हणायची. सकाळी उठून केस न विंचरता खुर्चीत बसे. कपाळ काचेला टेकवून. मी जेवण तिथे आणून ठेवी आणि गार झालेलं उचलून नेई.

"कुठे आहे ते?" मी विचारी.

"वळतंय."

दुसऱ्या दिवशी विचारलं, तरी "वळतंय."

मला स्वतःला तिकडे बघायची ओढ होती, हे लिहिलं पाहिजे. दुकानात वजनं घासताना मला तो उजेड आठवे आणि हातातलं वजन फार हलकं वाटे. मी इतकी वर्षं ग्रॅम ग्रॅम मोजत आलो. आणि घरात, चहाच्या टेबलापासून दोन हातांवर, जे होतं त्याच्यापुढे माझे सगळे काटे खेळणी होती. तसं वाटण्यात एक प्रकारचा आनंद असतो. त्या आनंदात मी चार दिवस घालवले. तेवढे घालवायला नको होते.

रविवारी मी तिला जेवायला उठवलं. तिने कपाळ काचेपासून सोडवलं आणि माझ्याकडे वळली. तिचं कपाळ ओलं होतं. पुढचे केस ओले होते, थेंब नाकावर येत होते. मी काचेवर हात फिरवला. कोरडी. खाली लादी कोरडी. टाकीवरचं झाकण लागलेलं.

"ताई, हे पाणी कसलं?"

तिने कपाळाला हात लावला आणि बोटांकडे बघितलं, म्हणजे बोटांच्या बाजूला बघितलं. "कळलं नाही रे. मी जरा पुढे वाकले फक्त."

सोमवारी तिचे खांदे ओले होते.

मी तिला खुर्चीतून उठवून पलंगावर बसवलं, टॉवेलने तिचे केस पुसले. पाण्याला मनीप्लांटच्या मुळांचा वास होता. आणि तिचं अंग गार नव्हतं. ती हसत होती.

७

पहिल्या वर्षी मी एकदा सगळे मासे मारले होते. फिल्टर म्हणजे चाळणी, अशी माझी समजूत होती. म्हणून मी स्पंज, तळाची वाळू, दगड, सगळं एकाच सकाळी नळाखाली चकचकीत धुतलं. स्वच्छतेचं समाधान घेऊन झोपलो. नळाच्या पाण्याने जिवाणूंची सगळी वस्ती मेली, तिसऱ्या दिवशी टाकीतलं पाणी दुधासारखं झालं, पाचव्या दिवशी मासे वर तरंगले. प्रत्येक नवशिक्या ही चूक एकदा करतो. तेव्हापासून माझा नियम: एका वेळी एकच गोष्ट, तीही टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळून. ताईने हे माझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं, की पाहुण्यांना तीच सांगायची.

मंगळवारी सकाळी ती न्हाणीघरात असताना मी कपाटातला डबा उघडला. गादी, नळ्या, कोळसा, स्पंज, सगळं काढून स्वयंपाकघरात नेलं आणि नळ पूर्ण सोडला. फांद्याही काढल्या. दहा वर्षांची वस्ती तपकिरी होऊन मोरीतून जात होती. माझे हात ओळखीच्या माणसाला ढकलून द्यावं तसे जड झाले होते.

"सगळे एकदम धुतोयस," मागून ताई म्हणाली. दारात उभी होती, भिंतीला धरून. आवाजावरून तिला कळलं होतं.

"हो."

"तुला ठाऊक आहे काय होतं ते."

"म्हणूनच धुतोय."

मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दोन वर्षं मी एका डागाकडे बघत बसले होते," ती म्हणाली. "तू कामावर गेलास की घरात मी आणि तो डाग. तुला वहीत लिहायला तरी होतं काही. मग मला दिसायला लागलं. आणि तू आता ते धुऊन टाकतोयस."

"ताई, तू भिजून येतेस. कुठून भिजून येतेस ते मला माहीत नाही. एक दिवस खुर्ची कोरडी असेल आणि तू..." मी नळ बंद केला. "तुझे डोळे गेले तर मी तुला वाचून दाखवीन. स्वल्पविरामावर थांबीन. तू गेलीस तर मी काय करू?"

ती पुढे आली, चाचपडत माझा ओला हात धरला. रागावलेली नव्हती. तेच मला भयंकर वाटलं.

"मी नाही रे अडवत तुला," ती म्हणाली. "एवढंच सांग, पाणी गढूळ केलं की आपल्याला ते दिसणार नाही. पण त्याला आपण दिसणार नाही, असं कुणी सांगितलं तुला? त्याचं वळून झालंय."

८

मी धुतलेलं सगळं परत लावलं. पंप सुरू केल्याबरोबर तिन्ही आवाज आले. गुळण्या, धार, घुमणं. त्या रात्री मी सुखाने झोपलो.

गुरुवारी दुपारपर्यंत टाकी दुधाने भरल्यासारखी झाली. लांबीतून एक वीतही दिसत नव्हतं. माशांची कधी शेपूट, कधी डोळा काचेजवळ येई आणि पांढऱ्यात विरून जाई. मासे वाचवायला मी शेवाळशेठकडून जिवाणूंची बाटली आणायला निघालो होतो. चपला घातल्या, आणि आवाज थांबले.

मी वळलो. पंप चालू होता. धार पडत होती. ताई खुर्चीत बसलेली होती, पाठ ताठ, हात मांडीवर. कपाळ काचेला टेकवलेलं नव्हतं. कुणी मोठं माणूस घरात यावं आणि आपण सावरून बसावं, तशी.

पाणी रेषेच्या वर गेलं होतं. बोटभर, दीड बोट. काठाला लागलं आणि फुगून राहिलं, सांडलं नाही. काचा जोडणाऱ्या कडेच्या सिलिकॉनमधून बारीक करकर आली. मी चपलांसकट धावलो, तिच्या दंडाला धरलं. ती खुर्चीतून हलेना. वजन म्हणाल तर मी तिला सहज उचलली असती. वजनाचा मला अंदाज आहे. ती हलेना.

"सोड," ती म्हणाली. "बघू दे."

तिच्या तोंडासमोर, काचेच्या आतल्या बाजूने, दुधाळ पाण्यात एक गोल नितळ झाला. हिवाळ्यात खिडकीची वाफ तळहाताने पुसावी तसा, एकदा फिरवून. तो गोल बशीएवढा होता. मग पुन्हा फिरवल्यासारखा मोठा झाला. पलीकडून कुणीतरी काच पुसत होतं.

मी डोळे मिटले. मी सगळं मोजतो, सगळं लिहून ठेवतो, आणि त्या वेळी मी डोळे मिटून घेतले. मिटायच्या आधी त्या गोलात जे होतं त्याची फक्त कड मला दिसली: काळी, वळलेली, ओली, आणि तिच्यात आमची खोली. खिडकी, खुर्ची, ताई, तिच्यामागे मी. सगळं तिच्यात इतकं लहान होतं, आणि इतकं स्पष्ट, की माझ्या मुठीतल्या, बाटलीचं नाव लिहून घेतलेल्या चिठ्ठीवरची माझीच अक्षरं मला वाचता आली.

माझ्या हाताखाली ताईचा दंड सैल पडला. तिने एक मोठा श्वास आत घेतला, पाण्यातून वर आल्यावर घेतात तसा.

मग धारेचा आवाज आला. गुळण्यांचा आला. करकर थांबली.

९

मी डोळे उघडले तेव्हा पाणी रेषेवर उतरलेलं होतं, आणि सगळीकडे सारखंच पांढरं. श्वास घ्यायला वर आलेले बारा मासे मोजले. जिवंत होते. पुढे दहा दिवसांनी पाणी निवळलं, आणि आता ते कुणाच्याही टाकीतल्या पाण्यासारखं आहे. जरा पिवळट. पाचवी ओळ वाचता येते. मुकादमाला चार सेकंद लागतात. दर रविवारी पाणी बोटभर उतरलेलं असतं.

पण मी त्या दुपारचं सांगत होतो.

ताई खुर्चीतच माझ्याकडे वळली. कडेने नाही, सरळ. तिची नजर माझ्या छातीवर आली आणि थांबली.

"तिसरं बटण निळ्या दोऱ्याने शिवलंयस," ती म्हणाली. "पांढऱ्या शर्टावर. शोभतं का रे?"

मी खाली बघितलं. खरंच निळा होता. माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

मी तिथेच लादीवर बसलो आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो, या वयात. ती माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. तिचा हात कोरडा होता. "असू दे, असू दे," ती म्हणत होती. "एखादं पुस्तक दे बघू मला. बारीक टायपाचं."

मी दिलं. तेव्हापासून ती वाचते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा तपासून पाहिलं. दुसऱ्या वेळी त्यांनी दिवा तिच्या बुबुळाजवळ नेला, वाकून आत बघितलं, आणि बघतच राहिले. आमच्यामागे सात माणसं नंबर लावून बसली होती. शेवटी त्यांच्या मदतनीस बाईंनी त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी दिवा बंद केला. सगळं ठीक आहे म्हणाले. पुन्हा यायची गरज नाही म्हणाले, आणि आम्ही बाहेर पडेपर्यंत भिंतीकडे तोंड करून हात पुसत होते.

मी अजून तसं जवळून बघितलेलं नाही. जेवताना ती समोर असते, तेव्हा मी ताटात बघतो. ती कान धरून म्हणते, "चिकट्या, बोलताना माणसाकडे बघावं." आवाज तिचाच आहे, हात तिचाच आहे, खोडीही तिचीच. ती सुखी आहे. हे मी वहीत रोज लिहितो आणि ते खोटं नाही.

काल दुपारी ती पुस्तक वाचता वाचता खुर्चीत पेंगली. डोळे अर्धे उघडे होते. पुस्तक घसरत होतं म्हणून ते उचलायला मी वाकलो, आणि वाकल्यावर बघितलं गेलं.

तिच्या बुबुळातल्या काळ्या जागेत माझा चेहरा नव्हता. ती जागा सपाट नव्हती. ती आत जात होती, नितळ, लांबच लांब. आणि खूप आत, उजेड होता तिथे, डावीकडून काहीतरी सरकू लागलं.

मी पुस्तक हातात घेऊन तसाच वाकून उभा राहिलो. पाच वाजेपर्यंत.